वकिलाने ओवाळलेला राजा

फोटोबद्दल तुम्ही दोघांनी मिळून अकरा प्रश्न विचारले आहेत. ते मी एका कागदावर उतरवून घेतले. आजोबांच्या डोक्यावर मुकुट का आहे, थोरली आजी वकिलाच्या काळ्या कोटात का आहे, कोटाखालून पाणी का गळतंय, सिंहासनावरच्या सिंहाचा एक कान कुठे गेला, आणि सगळ्यात मागे उभी असलेली आजी, म्हणजे मी, एवढी रागावलेली का दिसते. व्हिडिओ कॉलवर मी सांगायला लागले की तुमची शाळेची बस येते, म्हणून लिहून पाठवते आहे. क्रमाने लिहिते, कारण क्रम सोडला तर यातलं काहीच खरं वाटणार नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं आधी देते. मी रागावलेली नव्हते. माझा चष्मा भिजला होता.

आजोबांचा वाढदिवस जूनच्या पहिल्या तारखेला असतो. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा त्याच दिवशी असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली, घरच्यांनी 'ज्वारीच्या सोंगणीत झाला' असं सांगितलं, आणि मास्तरांनी आपल्या सोयीची तारीख लिहून टाकली. ज्वारीची सोंगणी, म्हणजे कापणी, आपल्याकडे थंडी सरता सरता होते, जूनमध्ये नाही. म्हणजे तारीख खोटी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नोकरी आणि पेन्शन त्याच तारखेवर मिळाली, त्यामुळे ती आता खरी झाली आहे. यंदा त्या तारखेला त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली.

आता थोरली आजी. त्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, म्हणजे माझ्या जाऊबाई. मी त्यांना आक्का म्हणते. त्या मुलाजवळ राहतात, घोडेगावच्या अलीकडे मळ्यात. पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा आजोबा सात वर्षांचे होते आणि त्यांची आई आधीच वारलेली होती. त्यामुळे आजोबांना न्हाऊ घालण्यापासून शाळेला पिटाळण्यापर्यंत सगळं आक्कांनी केलं. पुढे आजोबा नोकरीला लागले, नगरला राहू लागले, वाढदिवस नावाची गोष्ट घरात आली, आणि पहिलं ओवाळणं आक्कांचं हे ठरून गेलं. दुसरं माझं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला त्याचा रागही आला होता. दुसऱ्या वर्षी आक्का कुठल्याशा लग्नात अडकल्या, उशिरा आल्या, आणि आजोबा संध्याकाळपर्यंत पाटावर बसायला तयार होईनात, तेव्हा मी तो राग सोडून दिला. सोडला नसता तर जेवणं झाली नसती.

चार वर्षांपूर्वी थोरले आजोबा गेले. तेव्हापासून आक्कांनी औक्षणाचं ताट हातात धरलं नाही. नवरा गेलेल्या बाईने ओवाळू नये असं आपल्याकडे पुष्कळ घरांत मानतात. तुम्हाला ते विचित्र वाटेल, मलाही वाटतं. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेल्या बाईला जेवढे मुद्दे सुचतात तेवढे मी त्यांच्यापुढे मांडले, एकदा नाही, दर वर्षी. आक्का शांतपणे ऐकून घ्यायच्या.

"तुझं सारं खरं हाय, धाकटे," त्या म्हणायच्या. "पन माझ्या हातानं भावजीचं आयुष्य कमी झालं, तर तुझं खरं मी कुठं घालू?"

मग मी ताट उचलायचे आणि एकटीच ओवाळायचे.

तीन वाढदिवस आजोबांनी निमूटपणे काढले. पंच्याहत्तरीला मात्र ते अडून बसले. पंच्याहत्तरीला कणकेच्या पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळतात. आजोबांनी जाहीर केलं की पहिलं ओवाळणं वहिनीचं, नाहीतर दिवे नकोत, केक नको, कोणी घरी यायला नको, ते दिवसभर वाचनालयात जाऊन बसतील. त्यांचा स्वभाव तुमच्या बाबांना विचारा. ते खरोखरच बसले असते, आणि डबा मला न्यावा लागला असता.

मग एके दिवशी वर्तमानपत्रात पत्रक आलं. पुणे रस्त्यावर, सुप्याच्या कारखान्यांच्या पुढे, सिनेमाची करमणूक नगरी निघाली होती. आत खोटं गाव, खोटं कोर्ट, खोटा राजवाडा, खोटा पाऊस. पाहुण्यांनी नट व्हायचं, त्यांचे सीन कॅमेऱ्यात घेणार, मोठ्या पडद्यावर दाखवणार. आजोबांनी ते पत्रक दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि आक्कांना फोन लावला. नगरमध्ये ते तुमच्या-माझ्यासारखं बोलतात, पण वहिनीशी बोलताना त्यांची भाषा घोडेगावला जाऊन पोचते.

"वहिनी, तिथं समदं खोटं आसतं. हीर खोटी, देऊळ खोटं. तिथं वोवाळलं तर ते वोवाळनं न्हवं. नाटक."

पलीकडून म्हशीचं ओरडणं ऐकू आलं.

"नाटकातलं वोवाळनं लागू पडत न्हाई?" आक्कांनी विचारलं.

"कसं पडंल?"

"मग तुमाला त्याचा उपेग काय?"

"मला बघायचंय," ते म्हणाले.

"बघू," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. आक्कांच्या 'बघू'मध्ये होकार नसतो आणि नकारही नसतो. पण वाढदिवसाच्या दिवशी सकाळी साडेसातला पुतण्याची जीप आमच्या दाराशी उभी राहिली, तेव्हा मागच्या सीटवर त्या बसलेल्या होत्या. पुतण्या म्हणजे आक्कांचा मुलगा, तुमचा काका. पन्नाशीचा आहे, पण आईसमोर अजून मान खाली घालून बोलतो.

मी वेळापत्रक केलं होतं. साडेनऊला प्रवेश, साडेअकराला औक्षण, एकला जेवण, पाचला परत. आदल्या दिवशी कणकेत हळद घालून दिवे केले, वाफवले, मोजून पंच्याहत्तर स्टीलच्या डब्यात कपड्याचे थर देऊन रचले. वाती वेगळ्या, तेलाची बाटली वेगळी, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत. परात वेगळी, कुंकवाची डबी वेगळी. माझ्यासाठी एक जादा साडी. हे सगळं फाटकापर्यंत वेळापत्रकानुसार झालं.

फाटकावरच्या रखवालदाराने डबा उघडला.

"बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायला मनाई आहे," तो म्हणाला.

"हे खाद्यपदार्थ नाहीत," मी म्हणाले.

"कशाचे आहेत?"

"कणकेचे."

"मग?"

"आम्ही ते खाणार नाही आहोत."

"मग काय करणार?"

"पेटवणार," मी म्हणाले. खोटं बोलायची मला सवय नाही.

रखवालदाराने डब्याचं झाकण लावलं. काडेपेटी घेतली, तेलाची बाटली घेतली, परात घेतली. आत सगळे सेट लाकडाचे आणि थर्माकोलचे होते, विस्तव चालत नव्हता. मला त्याचं म्हणणं पटलं, हीच अडचण होती. पटलं नसतं तर भांडता आलं असतं. त्याने चिठ्ठी लिहून डब्यावर चिकटवली आणि डबा आपल्या खुर्चीखाली, सावलीत ठेवला. राजवाड्याच्या सेटवर ओवाळायला बॅटरीच्या दिव्यांचं ताट मिळतं, असंही त्याने सांगितलं. आक्का हे सगळं लांबून बघत होत्या. खरे दिवे गेले, आता उरलं ते नुसतं नाटक, असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या एकदम मोकळ्या झाल्या आणि पुतण्याला म्हणाल्या, "चल, आलोच हाये तर बघू काय काय खोटं हाय ते."

आधी खोटं गाव लागलं. विहिरीत डोकावून त्यांनी "आडीच फूट" एवढंच सांगितलं. खोट्या पारापुढे प्लास्टरचा बैल होता. थोरले आजोबा घोडेगावच्या बाजारात बैलांचे दात बघून वय सांगायचे, लोक त्यांना सल्ल्याला न्यायचे. आक्कांनी त्या बैलाचा जबडा वर करून पाहिला. मानेला स्प्रिंग होती, तो मान हलवू लागला.

"दातच बशिवले न्हाईत," त्या म्हणाल्या. "आन मान तर बगा. घेनाऱ्याला चांगलाच बनिवलाय."

त्याच्या पुढच्या सेटवर आमचं वेळापत्रक कोसळलं.

तो दुःखाचा सेट होता. पडवीत पांढऱ्या चादरीखाली एक मयत ठेवलेलं होतं. रबराचं. तिथला दिग्दर्शक साधारण पुतण्याच्याच वयाचा होता, उलटी टोपी, हातात भोंगा. पाहुण्यांनी तिथे रडून दाखवायचं होतं. आमच्या आधीच्या माणसांना हसू आवरत नव्हतं, त्यामुळे तो कंटाळलेला होता. त्याची नजर आक्कांवर गेली.

"आजी, तुम्ही या. रडा बघू."

"कोन गेलं?" आक्का म्हणाल्या.

"कोणीही समजा."

"आसं कसं? नात्यावर रडनं आसतं. दीर आसंल तर येगळं, पाव्हना आसंल तर येगळं."

"बरं, मालक समजा. गावातला मोठा जमीनदार."

"चांगला हुता का?"

दिग्दर्शकाने हातातला कागद पाहिला. "व्हिलन होता."

"मग मी न्हाई रडायची."

"मग चांगला समजा, आजी! मागं लाइन लागलीये!"

आक्का खाली बसल्या, पदर पुढे ओढला आणि सुरुवात केली. आमच्या पिढीच्या गावाकडच्या बाईला हे शिकवावं लागत नाही. "आरं माझ्या मालका, तुझं गाव मला ठावं न्हाई, तुझं नाव मला ठावं न्हाई, आन तू माझ्याच म्होरं येऊन निजलास का रं! पायातला बूट तरी काढायचा हुतास रं!" मयताच्या पायात खरोखरच बूट होते. आक्कांचा आवाज लागल्याबरोबर रांगेतल्या पाच-सहा बायका, पारनेरकडच्या कुठल्याशा महिला मंडळाच्या, न सांगता येऊन भोवती बसल्या आणि त्याही रडू लागल्या. पुरुष रीतीप्रमाणे पडवीबाहेर उकिडवे बसले. पुतण्याही मान खाली घालून त्यांच्यात बसला. शेजारच्या माणसाने त्याला हळूच विचारलं, "किती दिवस आजारी व्हते?"

"आमी आत्ताच आलो," पुतण्या म्हणाला.

दिग्दर्शक भलताच खूश झाला. त्याने "कट" म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. पाचव्यांदा भोंग्यातून म्हटलं. पण असं रडणं 'कट' म्हटल्याने थांबत नसतं. घरातल्या कुणीतरी जवळच्या बाईने जाऊन दंडाला धरून उठवायचं असतं, तोवर थांबणं बरं दिसत नाही. शेवटी मी पुढे झाले, आक्कांच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "उठा आता, किती रडाल." त्या लगेच उठल्या, डोळे कोरडे केले, पारनेरच्या बायकांना नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "आता आंगूळ."

"कसली आंघोळ?"

"मयतावर रडलो न्हाई का? आंगुळीबिगर वोवाळायचं व्हय?"

"आक्का, ते रबराचं आहे," मी म्हणाले. "रबराचा विटाळ नसतो."

"रबराचा नसंल. रडन्याचा हाय."

आजोबा पेचात पडले. तिथलं सगळं खोटं, काहीच लागू पडत नाही, असं त्यांनीच तर सांगितलेलं होतं. मयत लागू पडत नसेल तर आंघोळ नको. पण आंघोळ नको म्हणून आक्कांशी वाद घालत बसावं, तर त्या ओवाळणंही नको म्हणतील ही भीती. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आंगूळ करू," आजोबा म्हणाले. "मीपन बाहेर बसलो हुतो."

हात धुवायच्या नळांखेरीज तिथे आंघोळीची सोय नव्हती. होता तो खोटा पाऊस. मोठ्या पत्र्याच्या छताला भोकं पाडलेले पाइप लावलेले, खाली सिमेंटचा चौक. पावसाच्या बटणावर बसलेल्या बाईने सांगितलं की नुसतं उभं राहायला पाऊस सोडत नाहीत, गाणं लावतात, नाचावं लागतं. आम्ही चौघं चौकात गेलो. गाणं इतक्या मोठ्याने सुरू झालं की माझ्या दातांची कवळी थरथरली. पाऊस पडला. आक्का चौकाच्या मधोमध मांडी घालून बसल्या आणि ओंजळीने व्यवस्थित डोक्यावर पाणी घेऊ लागल्या. पुतण्या उभ्याने अंग चोळत होता. आजोबांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि नियम मोडू नये म्हणून एक पाय उचलायचा, खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा, असं गाणं संपेपर्यंत केलं. बटणावरची बाई त्यांच्याकडे बघून मान डोलावत होती. मी अर्थातच बाजूला उभी राहणार होते, पण आक्कांनी माझा हात धरून आत ओढलं. "तू मला उठिवलंस ना मयतावरनं?"

ओल्या अंगाने राजवाड्याच्या सेटवर घेत नव्हते, गालिचा होता. म्हणून कपड्यांच्या खोलीत पाठवलं. माझी जादा साडी होती, मी कोरडी झाले. मी ती आधी आक्कांना देत होते, पण सहावारीत त्यांना चालता येत नाही. कपड्यांच्या खोलीतल्या माणसाने त्यांच्यासाठी राणीचा हिरवा शालू काढला, हिरव्या बांगड्यांसकट. आक्का दोन पावलं मागे सरकल्या. तो माणूस गोंधळला, मग त्याने एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली. नर्स, दरोडेखोर, हवाई सुंदरी.

"त्यो काळा कोट कुनाचा?" आक्कांनी विचारलं.

"वकिलाचा."

"बायाबी घालत्यात ना वकिलाचा कोट? माझी नात घालती. त्यो दे. दाट हाय." आणि ओल्या लुगड्यावर त्यांनी तो चढवला. पाणी का गळत होतं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आजोबांना राजाचा पोशाख मिळाला. छाती भरायला आत उशी होती. सिंहासनाच्या एका बाजूच्या सिंहाला कान नव्हता. तो आमच्याकडून तुटलेला नाही, याची मी आधीच तिथल्या माणसाला जाणीव करून दिली. पुतण्याने फक्त दुसऱ्या कानावर ओला टॉवेल अडकवला होता.

दिग्दर्शक तोच होता, आक्कांच्या मागोमाग आला होता. त्याने आक्कांच्या हातात प्लास्टिकचं ताट दिलं. त्यावर बॅटरीचे पाच दिवे, चिकटवलेलं कुंकू, चिकटवलेल्या अक्षता. बटण दाबलं की दिवे लुकलुकत.

आक्का ताट घेऊन उभ्या राहिल्या. हात वर जाईना. दिग्दर्शक काही बोलणार, तेवढ्यात आजोबांनी त्याला हाताने थांबवलं. आपला जरीचा शेला उचलून त्यांनी उजव्या हातावर पसरला आणि हात आक्कांपुढे केला.

घोडेगावच्या बाजारात बैलाचा भाव असा ठरतो. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, तोंडाने आकडा बोलायचा नाही. थोरले आजोबा घरीसुद्धा आक्कांशी असाच सौदा करायचे. माहेरी किती दिवस राहायचं, ते टॉवेलखाली ठरायचं. आक्कांनी शेल्याकडे पाहिलं. मग ताट डाव्या हातात घेऊन उजवा हात शेल्याखाली घातला. आजोबांनी बहुधा पाच बोटं दाबली. आक्कांनी मान हलवली. पुन्हा काहीतरी झालं. आजोबांनी तोंड वाकडं केलं. शेवटी दोघांनी हात बाहेर काढले.

"तीन," आक्का मला म्हणाल्या. "जास्ती न्हाई."

त्यांनी तीन वेळा ताट ओवाळलं. दिवे लुकलुकले. आजोबा बघत होते. त्यांना बघायचं होतं, ते बघत होते. तुमच्याकडे आहे तो फोटो त्या क्षणाचा आहे, दिग्दर्शकाने माझ्या मोबाईलवर काढून दिला. त्याच्या कॅमेऱ्यात मात्र काही गडबड झाली, त्याने आणखी एकदा ओवाळायला सांगितलं.

"तीन ठरलं हुतं," आक्का म्हणाल्या आणि ताट सिंहासनावर ठेवून निघाल्या.

जेवायला बसलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आजोबांनी दोन वेळा आइसक्रीम घेतलं. इतक्या खुशीत मी त्यांना चार वर्षांत पाहिलं नव्हतं. पुतण्याही हसत होता. आक्का जेवल्या नाहीत. भातावरून नुसता हात फिरवत होत्या. उपवास आहे का विचारलं तर "न्हाई" म्हणाल्या. दमला का विचारलं तर "न्हाई." सगळे सेट बघून झाले, ऊन उतरायला लागलं, तरी त्या गप्पच.

फाटकावर रखवालदाराने चिठ्ठी पाहून डबा, तेलाची बाटली आणि परात परत केली. मी तिथेच उघडून मोजले. पंच्याहत्तर होते, दोन-तीन दिव्यांना चीर गेली होती. आम्ही जीपपाशी पोचलो, पुतण्याने दार उघडलं, आजोबा पुढे बसले. आक्का बाहेरच उभ्या.

"धाकटे," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "तू शिकलेली हायस. एक सांग. खोटं वोवाळून मानसाला तसंच सोडलं, तर काय हुतं?"

"काही होत नाही, आक्का. ते नाटक होतं."

"नाटकातल्या मयताची आंगूळ केली ना आपन?"

"केली."

"मग?" त्यांनी जीपकडे पाहिलं. "दिवा खोटा, राजा खोटा, मी वकील. भावजी म्होरं बसून खरंखुरं वोवाळून घेत हुते. त्यांच्या मनात खरं, आन माझ्या हातात खोटं. पंच्याहत्तरीला. ही लबाडी त्यांच्या आयुष्याला लागली, तर मी काय करू?"

चार वर्षं एका भीतीने त्यांचा हात धरून ठेवला होता, आणि आता दुसरी भीती तोच हात ओढत होती. माझ्याजवळ पुष्कळ मुद्दे होते. एकही वापरला नाही.

"दिवे पंच्याहत्तर आहेत," मी म्हणाले. "वाती भिजायला पाच मिनिटं लागतील."

आक्कांनी पदर खोचला. "भावजीला खाली उतरव."

जीपच्या बॉनेटवर परात ठेवली. आम्ही दोघींनी दिवे मांडले. चिरलेल्या दिव्यांच्या फटी आक्कांनी बोटाने दाबल्या. रखवालदार आमची काडेपेटी द्यायची विसरला होता, ती घेऊन तो स्वतःच आला आणि फाटकाबाहेर विस्तवाला मनाई नसते, असं न विचारता सांगून तिथेच थांबला. वारा होता. पाच दिवे लागले की तीन विझत. पुतण्याने जीपची दोन्ही दारं उघडून मधे सतरंजी धरली. रखवालदाराने आपली टोपी आडवी धरली. आजोबा आपल्याच औक्षणाच्या दिव्यांना हाताचा आडोसा करत उभे होते. मी त्यांना सांगितलं की ओवाळून घेणाऱ्याने मदत करायची नसते, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

तेवढ्यात कपड्यांच्या खोलीतला माणूस धावत आला. आक्कांच्या अंगावर अजून वकिलाचा कोट होता. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. त्याने परात पाहिली आणि हातातला रिकामा हँगर खाली घेऊन एका बाजूला उभा राहिला.

पंच्याहत्तरही दिवे एका वेळी पेटलेले फार तर मिनिटभर होते. आक्कांनी आजोबांना कुंकू लावलं. मग परात उचलली. कणीक, तेल आणि पितळ मिळून ती चांगली जड होती, आणि आक्का आता त्र्याऐंशीच्या आहेत. परात थरथरली, म्हणून मी खालून हात लावला.

"पाच," आक्का म्हणाल्या. शेल्याची गरज पडली नाही.

याचा फोटो नाही. सगळ्यांचे हात दिव्यांभोवती होते, मोबाईल धरायला कोणी रिकामं नव्हतं. म्हणून तुमच्याकडे फक्त राजाचा आणि वकिलाचा फोटो आहे. तो जपून ठेवायला माझी हरकत नाही. पण कोणी विचारलं की त्या वर्षी आजोबांना पहिलं कोणी ओवाळलं आणि दुसरं कोणी, तर ते मला नक्की सांगता येणार नाही. परातीला वरून आक्कांचे हात होते आणि खालून माझा.